रकाना सात

रकाना सात : वस्तूची स्थिती. इंग्रजीत, एकाच शब्दात.
बडोद्याला, संग्रहालयाच्या मागच्या खोलीत
मी आणि कृपेश,
मधे टेबलावर एकशे बारा मडकी.

पहिलं सोपं. कुठे टवकादेखील नाही.
इनटॅक्ट.
म्हणजे मुळात कुणी हातच न लावलेलं,
असं सांगत मी ते हातमोज्यांनी बाजूला ठेवलं.
अक्षतांचे तांदूळ निवडताना आई कणी काढून टाकायची,
तसाच शब्द आहे हा,
फक्त कुंकू नाही लावलेलं.

दुसरं अकरा तुकडे जोडून उभं केलेलं.
एकही तुकडा हरवला नाही, पण रेषा दिसतात.
कम्प्लीट लिही, इनटॅक्ट नको.
तिसऱ्यावर ओरखडा नाही,
झाकण मात्र विश्वामित्रीच्या गाळातच राहिलं असणार.
इनटॅक्ट लिही, कम्प्लीट नको.

कृपेशने पेन ठेवलं.
"मॅडम, सरळ होल लिहू?"
आणि चिठ्ठीवर गुजरातीत लिहून दाखवलं.
मी त्याखाली मराठीत लिहिलं.
त्याच्या लिपीत काय, माझ्या काय,
अख्खं आणि भोक
त्याच दोन अक्षरांत.

एन्टायरला मी जवळ येऊ दिलं नाही.
एन्टायर असते ती दुपार,
सबंध गेली म्हणतो आपण, वैतागून.
मडकं सबंध नसतं.
आणि उभा जन्म असतो, उभं गाव असतं,
त्यांना तर इंग्रजीत बसायलाच जागा नाही.

चौथ्याच्या बुडाशी खरंच भोक.
फुटून पडलेलं नव्हे, पाडलेलं,
कडा घासून गुळगुळीत.
गळतीचं आहे रे, पिंडीवर टांगायचं.
हे बुजवलं तर मोडलं म्हणायचं.
कृपेशने माझ्याकडे पाहिलं
आणि न विचारता लिहिलं, इंग्रजीत,
डब्ल्यू ठळक काढून.

चार वाजता किटलीवाला.
"आखी के अडधी?"
सतरा वर्षं मंकोडीसाहेब आणि मी
एक आखी मागवून दोन बशांत करायचो.
त्यांना मोठी बशी, कारण ते फुंकर जास्त मारायचे.
चैत्रात गेले.
"आखी," मी म्हणाले,
कारण अडधी म्हणायला
जीभच वळेना.

कप काठोकाठ. कृपेश चहा घेत नाही.
पाचवं मडकं ओढ इकडे.