चकव्याची पोरं

सुपडू, वल्हं जरा हळू मार.
धुकं अजून पाण्यावरून उठलेलं नाही,
पलीकडे केळीचा ट्रक गिअर बदलतोय
तेवढ्यानंही माना वर करतात ही.
ते बघ, गाळाच्या बेटावर,
भाजल्या विटेच्या रंगाची.
सतरा, अठरा, एकोणीस.
लिही वहीत. नको, मीच लिहितो,
तुझा सात नऊसारखा दिसतो.

बत्तीस वर्षं मी या हतनूरचे दरवाजे उघडले, लावले.
एक्केचाळीस दरवाजे, प्रत्येकाचा आवाज वेगळा,
सतराव्याला म्हशीचा खोकला.
तेव्हापासून बघतोय,
दिवाळीचे दिवे विझता विझता येतात,
होळीची राख गार व्हायच्या आत जातात.
एवढ्या वर्षांत एक पिल्लू नाही पाहिलं.
घरटं नाही. अंड्याचं टरफल नाही.
पाहुण्यांनी पोरं कुणापाशी तरी ठेवून यावं
आणि आपण विचारू नये, तसं.

मग तेजलनं डॉक्टरकीला कझाकस्तान धरलं.
तुला सांगितलं तर तू म्हणालास,
भुसावळहून डायरेक्ट गाडी आहे का भो?

जूनमध्ये गेलो. बॅगेत बिबडे, कळण्याचं पीठ,
शेवभाजीचा मसाला,
आणि तळाशी, तिच्या आईला न सांगता, दुर्बीण.
पोरगी दिवसभर हॉस्पिटलात,
मी इर्तिश नदीवर.
आपल्या तापीपेक्षा थंड, गप्प,
आणि वाहते उत्तरेला.
समुद्र कुठला विचारलं तर म्हणे बर्फाचा.

गावाबाहेर गवताचा माळ,
माळावर एक जुनी कबर,
कच्च्या विटांची, घुमट अर्धा खचलेला.
त्या खिंडारातून ती बाहेर आली.
आपली. भगवी.
आवाज तोच,
आखाला वंगण नसलेल्या गाडीसारखा.
मी मराठीतच काहीतरी ओरडलो.

आणि तिच्या मागून
काळेपांढरे गोळे, कापसाची बोंडं शाईत बुडवल्यासारखे,
थडग्याच्या पायरीवरून टपाटप खाली.
मोजले. सवय. आठ.
पुन्हा मोजले. आठ.
आई पुढं, बाप मागं, मधे ती रांग,
गवतातून नदीकडं.

गाई हाकणारी एक म्हातारी
काठी आडवी धरून उभी,
गाई थांबलेल्या.
रांग पार होईपर्यंत ती हलली नाही.
मग म्हणाली, सारिआलाकाज.
सारी म्हणजे पिवळं,
माझ्या पिवळ्या पिशवीला हात लावून समजावलं.
मी दक्षिणेकडं बोट केलं, हात पसरून उडून दाखवलं,
हतनूर, हतनूर म्हणालो.
ती हसली, मान हलवली,
आणि पायाखालची जमीन
दोनदा थोपटली, गाय थोपटावी तशी.
मी तिला बिबडा दिला.
तिनं तो कच्चाच खाल्ला, कडकड.

तेजलला तिथंच ठेवून घेतायत, सुपडू.
काल फोनवर सांगितलं.
मी म्हटलं, थंडी फार असते गं.
म्हणाली, नाना, सवय झाली.
मग दोघंही बराच वेळ
बिबड्यांबद्दल बोलत राहिलो.

तू विचारतोस, ही त्याच कबरीतली का?
काय माहीत. पायात कडं नाही, अंगावर नाव नाही.
आठातली किती जगली
तेही कोण सांगणार.
शिवाय पिल्लं वर्षाच्या आत
आईबापासारखीच दिसायला लागतात.

अरे, हालू नको.
उठली. गेली सगळी,
धुक्यात वरती नुसता तो कर्कश आवाज.
एकोणीस होती ना? का वीस?
पाण्यातली धरून चाळीस, सुपडू म्हणतो,
आणि नाक शिंकरतो.

मी पेन्सिल कानावर ठेवतो.
एकोणीसपुढे छोटं प्रश्नचिन्ह.
चल, वल्हव.
चांगदेवच्या बाजूचा काठ राहिलाय अजून.