पंप क्रमांक तीन

शिरे नदी खाली, खोल दरीत.
ब्लांटायर वर, डोंगरांच्या मांडीवर.
मधे आठशे मीटरचा चढ.
पाणी आपणहून चढत नाही,
हे तर शाळेत जायच्या आधीच कळतं पोरांना.
म्हणून एनिफा काचाले.
म्हणून रात्रपाळी.

अकरानंतर वीज स्वस्त होते,
बाजार उठताना टोमॅटो होतात तशी.
अकराला पाच कमी असताना
ती बटणावर बोट ठेवून बसते.
दिवसा एक पंप, रात्री तिन्ही:
भिंतीवर चिकटवलेला हुकूम.
गेल्या महिन्यात लेखापालानं सगळ्यांचे पगार जोडले,
बेरीज दुप्पट केली,
तरी वीजबिल वरच उरलं.

आणि वीज तरी कुणाची?
याच नदीची.
टर्बाइन फिरवून दमलेली नदी
स्वतःच्याच विजेनं
स्वतःला मानगुटीला धरून वर ओढते.
लाझारो म्हणतो,
आपण नदीकडून उसनं घेतो आणि तिलाच व्याज लावतो.
एनिफा हसत नाही.
तिसऱ्या पंपाचा आवाज आज घोगरा आहे.

वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झालाय.
पाणी विटकरी होऊन आलंय,
सोबत शेवाळ, मक्याची धाटं, एक चप्पल.
एनिफा सहा भांडी मांडते,
प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत नेते,
आणि बघत बसते.
पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही.
चौथ्यात कणांना कण सापडतात,
बिलगतात, जड होतात,
अनोळखी माणसं एका बाकावर बसावीत तसे
तळाशी बसतात.
चौथं, ती वहीत लिहिते.
पाचवंही चाललं असतं,
पण तुरटीची पोती मोजून आहेत.

एक चाळीसला वीज जाते.

दिव्यांचं काही नाही. भीती पाण्याची.
डोंगर अर्धा चढलेलं पाणी
क्षणभर अधांतरी थांबतं
आणि मागे वळतं.
झडप मिटली तर बरं,
नाही मिटली तर पाइप फुटून सगळा डोंगर ओला.
ती श्वास धरते.
धडाम.
मिटली.
मग इतकी शांतता,
की बेडूकही आधी चाचपून बघतात, मग ओरडतात.

तीन दहाला वीज परत येते, चोरासारखी.
वरच्या टाकीत एक मीटर चाळीस.
एवढ्यात शहराची सकाळ बसत नाही.
फोन वाजतो. वरिष्ठ.
हॉटेलांच्या बाजूला आधी सोड, पाहुणे आलेत परिषदेचे.
हो, ती म्हणते.
मग इस्पितळाचा व्हॉल्व्ह उघडते,
मग न्दिरांदेचा, साडेअठरा वेढे,
तळहाताला गंज लागेस्तोवर.
हॉटेलांना स्वतःच्या टाक्या आहेत.
हे वाक्य ती वहीत लिहीत नाही.

लाझारो तोवर रस्त्यावर,
लोखंडी कांब जमिनीला लावून, कांबेला कान लावून.
वाटेत किती सांडतं
हे छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही.
तो म्हणतो, गळका पाइप खळखळत नाही,
म्हातारं माणूस झोपेत काही सांगतं
तसा आवाज येतो.
बेकरीपाशी त्यानं खडूनं फुली मारली.
खणायला माणसं सोमवारी.

सहाला पाळी सुटते.
न्दिरांदेच्या पाणी-टपरीशी
फागेसी बादलीमागे नाणी मोजतेय.
रांग शाळेच्या कुंपणापर्यंत.
एनिफा खिशातली काचनळी काढते,
नळाखाली धरते, गोळी टाकते, हलवते.
गुलाबी.
फिका, नखाच्या मुळाशी असतो तेवढाच,
पण गुलाबी.
इतक्या लांबून, इतक्या चढावरून
क्लोरीन अजून शुद्धीवर आहे.

‘अमायी, सरका की!’ मागून एकजण,
‘रंग बघायला सवड आहे तुम्हाला,
आमच्या बादल्या कोरड्या.’

एनिफा सरकते.
नळीतलं पाणी कुठे ओतावं म्हणून
इकडेतिकडे बघते.
त्याचे पैसे तिनं दिलेले नाहीत.
टपरीमागे भोपळ्याचा वेल आहे,
धुळीनं करडा.

त्याच्या बुंध्याशी नको, पिण्याचं नाही ते.
ती नळी बूच लावून
तशीच खिशात ठेवते,
आणि चढ चढायला लागते,
पायी.