माया

तळजाईच्या चढावर गाडी नुसती ओरडली.
मागे अठ्ठेचाळीस गणवेशांचं बोचकं,
आवाज वर, धूर वर,
आणि आम्ही दोघी जिथल्या तिथे.
शेजारून एक आजोबा चालत पुढे गेले,
वळून बघायलाही वेळ होता त्यांना.

यासीन म्हणाला, क्लचप्लेटा गेल्या.
अठराशे. गाडी दोन दिवस ठेवून जा.
मग माझ्या तोंडाकडे बघून, जरा हळू:
आधी केबल बघा, ताई. कुणी नुसतीच आवळली असेल.
कुणी म्हणजे मीच.
गेल्या महिन्यात. मूठ ढिली वाटते म्हणून.
ढिलं काही मला बघवतच नाही,
तीस वर्षं हेच तर करत आले.

रविवारी सकाळी, धनकवडी, सोसायटीचं पार्किंग.
बोहरी आळीतून आणलेला दहा-बाराचा पाना,
जुन्या परकराचं फडकं,
आणि खडू.
नटावर एक रेघ, शेजारच्या पट्टीवर एक.
उसवण्याआधी खूण करावी
हे मला कुणी शिकवायला नको.

क्लच म्हणजे काय ते मला मशीनवरून कळलं होतं.
बॉबिन भरताना चाकाचा स्क्रू सोडतो ना आपण,
पाय चालू, चाक गरगर,
सुई मात्र वर, गप्प.
तेच हे.
फक्त इथे सुई म्हणजे मागचं चाक
आणि कापड म्हणजे अख्खा सातारा रोड.

नट सोडला. आतला स्क्रू पिळला.
उलट्या बाजूला पिळला.
मूठ दगडासारखी.
बिराजदार वॉचमन खुर्ची घेऊन आला,
काही बोलला नाही, बसला.
मग सुलट. रागारागानं सात आटे.
किक मारली, मूठ पुरती दाबून पहिला टाकला,
तर मूठ दाबलेलीच, आणि गाडी उडाली पुढे,
थेट बिराजदारच्या बादलीत.
पाणी सगळ्या पार्किंगभर.
"ब्रेक लागतोय का बघा, मॅडम,"
खुर्ची दोन फूट मागे घेत तो म्हणाला.

खडूची रेघ धुऊन गेली होती.
जुनी जागा कुठली
ते आता ना मला ठाऊक ना नटाला.

गळ्यातला टेप काढला (तो रविवारीही असतो),
मुठीच्या बुडाशी धरला. तीन मिलिमीटर हवेत.
टेपवर तीन मिलिमीटर दिसतात,
हाताला काही कळत नाहीत.
म्हणून डोळे मिटले, एका बोटानं मूठ ओढली:
आधी काहीच नाही, पोकळ,
मग कुठेतरी आत तार लागली.
ते पोकळ केवढं?
ब्लाऊजच्या बगलेत मी ठेवते तेवढं.
आम्ही त्याला माया म्हणतो.
दाखवायची नसते, आत दुमडायची,
पण ठेवली नाही
तर पहिल्याच दिवाळीला शिवण फुटते.

अर्धा आटा मागे. पाव पुढे.
नट आवळताना स्क्रू सोबत फिरला. परत.
बिराजदारनं पाना धरला, मी स्क्रू.
त्याचे अकरा वाजले, माझे साडेबारा.

संध्याकाळी चढ चढली.
बोचकं नव्हतं, म्हणजे परीक्षा पुरती झाली नाही,
तरी चढली. वर झाडीत मोर केकाटला,
मी इंजिनच समजून दचकले.
उतरताना अरण्येश्वरच्या चौकात बंद पडली.
ती चूक माझी होती, केबलची नव्हे.

रात्री भडसावळेबाईंचा मोरपंखी ब्लाऊज घेतला.
हात तीनदा धुतलेले, एकदा रॉकेलनं,
तरी डाव्या बगलेत, आतल्या मायेवर
अंगठा उमटला. काळा, सगळ्या रेषांसकट.
बघत बसले जरा.
मग दुमडून टीप मारली.

बाई अंगानं भरल्या,
दोन-तीन वर्षांनी कुणी उसवायला घेतला,
तर सापडेल.
बहुतेक मलाच.