रुग्णाशी नाते

आमच्या वरच्या खोलीत पेशंटवाले राहतात.
आईचे नियम साधे : लाइटबिल वेगळं,
पाणी सकाळी साडेसहाला,
आणि कुणाला काय झालंय ते आपण विचारायचं नाही.
ओवे गावातल्या अर्ध्या गल्लीचा हाच धंदा.
शेतं सिडकोत गेली, घरांवर मजले चढले,
हॉस्पिटल चालत दहा मिनिटं.

तू जालन्याहून आलीस नोव्हेंबरात.
वडिलांच्या काखेत कुकर, तुझ्या हातात फायलींची पिशवी.
मी टाकीची चावी द्यायला वर आलो
तर मास्कच्या वरून बघत म्हणालीस,
"तुम्हीच का घरमालक?"
सतरा वर्षांच्या, फिजिक्समध्ये गटांगळ्या खाणाऱ्या मला
आयुष्यात पहिल्यांदा कुणी मालक म्हटलं.

मग तेच नाव पडलं.
घरमालक, गणित पुन्हा चुकलं.
घरमालक, भिंतीला ओल आहे, भाडं कमी करा.
घरमालक, ओळखा आज किती.
तुझी आई दारामागच्या कॅलेंडरवर
रोजच्या प्लेटलेट्स लिहायची,
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.
आपण पैज लावायचो. मी नेहमी जास्त सांगायचो
आणि नेहमी हरायचो.

"एवढंच आहे तर तुझे दे की मग."
गेलो मी ब्लड बँकेत. खिडकीतल्या माणसानं
आधार कार्ड उलटंपालटं केलं.
अठरा पूर्ण नाहीत. चार मेनंतर ये.
तू कॅलेंडरची पानं उचलून चार मेला गोल केलास
आणि आत बारीक अक्षरात लिहिलंस : भाडेवाढ.

फेब्रुवारीत आकडा चढला एकदा.
डॉक्टर म्हणाले, थोडी हवा खाऊ दे तिला.
आपण पेंधरहून मेट्रोत बसलो,
बेलापूरला उतरलो आणि लगेच परत फिरलो.
दुपारचा डबा. तू, मी, एक पेंगणारा वॉचमन.
अमनदूत स्टेशन आलं. "हा अमनदूत कोण?"
मी इथलाच, तरी मला माहीत नव्हतं.
"असेल आपल्यातलाच कुणीतरी," म्हणालीस,
आणि टोपी काढलीस.
खारघरच्या डोंगराकडचं ऊन तुझ्या डोक्यावर येऊन बसलं.
मी तिकडे बघितलं, मग खिडकीबाहेर,
मग पुन्हा तिकडेच.
"हात लावायचा असेल तर आधी सॅनिटायझर."
मी आधी ते लावलं.
मग हात.

एकोणीस एप्रिलच्या चौकोनात आकडा नाही.

तुझ्या वडिलांनी चावी दिली, डिपॉझिट मोजलं नाही.
कुकर राहिला, तो अजून आमच्या ओट्यावर आहे.
आईनं फिनेल टाकून खोली तीनदा पुसली,
महिना संपायच्या आत दापोलीचं कुटुंब आलं.
मी कॅलेंडर तेवढं खाली आणलं.

चार मेला शिरा झाला, ओवाळणं झालं.
खिडकीत माणूस तोच. त्यानं ओळखलं नाही.
पेशंटचं नाव?
मला येत होतं नाव. ओपीडीत पुकारतात तसं, अख्खं,
प्रांजल भगवान खरात.
म्हटलं, कुणी नाही. ज्याला लागेल त्याला द्या.
"मग ती जागा कोरी सोड."

दीड तास लागतो.
मशीन रक्त घेतं, हवं ते ठेवतं, बाकीचं परत करतं.
परत येताना ते गार असतं,
पार दंडापर्यंत कळतं, आपलंच असून.
पिशवीत साठलं ते पिवळट, ताकाच्या निवळीसारखं.
पाच दिवस टिकतं म्हणाली सिस्टर,
पण इथे तेवढं राहतंय कुठे.

मग तिनं फॉर्म तपासायला घेतला आणि थांबली.
नावाच्या रकान्यात काही नाही.
त्याखाली, रुग्णाशी नाते :
घरमालक.

तिनं फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
कापसाचा बोळा दाबून वर चिकटपट्टी लावली.
"कोपर वाकवून धर," म्हणाली.
"दहा मिनिटं."