दोनशे पंधरा, साठ, सतरा

गोडोलीत दस्तगीर मुलाणींच्या दुकानात
बसायला एक जुना टायर असतो, वर गोणपाट.
मी बसले. गाडी जॅकवर, चारही पाय अधांतरी,
टेबलावर घेतलेल्या कुत्र्यासारखी गप्प.

सेकंडहँड घेतली मार्चात, चारही चाकांनी ओढणारी,
कारण बामणोलीकडच्या वाड्यांवर
जनावर अडतं ते रात्रीच, आणि रस्ता असतो तो नावाला.
डिकीत आधीच्या मालकानं ठेवून दिलेले
सतरा इंची अलॉय, काळेभोर,
एकदाही न बसवलेले. का, ते त्यानं सांगितलं नाही.

मला वाटलं, रुंद टायर घालावेत. शोभतील.
वर्षभर शेणाच्या गमबुटांत वावरून
थोडं शोभावंसं मलाही वाटतं.
"दोनशे पस्तीस, पन्नास बसेल का?"
मुलाणींनी मडगार्डखाली हात घातला
मी गाभण म्हैस तपासते तसा, नजर भलतीकडं ठेवून.
"बसंल. यवतेश्वरच्या वळणाला घासंल.
गाडीत काय काय असतंय तुमच्या?"
लसीचा डबा, दोर, कॅल्शियमच्या बाटल्या,
कधी एखादं वासरू.
"मग वासराला विचारा की, रुंद पायजे का मऊ."

साठ म्हणजे साठ मिलिमीटर नव्हे,
रुंदीचे शंभरातले साठ, हे मला त्या दिवशी कळलं.
किलोमागं किती मिली द्यायचं ते झोपेत सांगणारी मी,
बारा वर्षं टायरवरची अक्षरं नुसती पुसत आले होते.

दोनशे पंधरा, साठ, सतरा.
उंची जवळजवळ जुन्याइतकीच.
पण नवे दोनच निघाले. शेजारी त्याच मापाचे
दोन वापरलेले, अर्धे झिजलेले, स्वस्त.
"पुढं नवे, मागं हे?"

ते बोलले नाहीत. खडू घेतला.
नव्या टायरवर खूण, फरशीवर खूण,
आणि सुभानला म्हणाले, ढकल. एक फेरा.
मग जुना, त्याच रेघेपासून, एक फेरा.
दोन रेघांमध्ये दीड बोट अंतर.

"एवढंच?"
"एवढंच. दुसऱ्या गाडीला चाललं असतं.
हिच्यात पुढचं मागचं एकमेकाला बांधलेलं.
आत भांडत बसतील दिवसभर. आवाज येणार न्हाई,
नुसतं तेल तापंल."

प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागं मी गुणाकार केला.
कासपर्यंत पंचवीस किलोमीटर.
तिथं पोचेस्तोवर मागची चाकं
एकशेछत्तीस फेरे जास्त फिरलेली असणार,
त्याच गाडीखाली, त्याच रस्त्यानं.
कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. का, माहीत नाही.

उरलेले दोन कोल्हापुरातून, सकाळच्या एसटीनं पार्सल.
तेवढ्यात फोन. अंधारीचे शेलार.
म्हैस. एक पाय बाहेर, डोकं नाही.

सुभाननं जुने सोळा इंचीच परत चढवायला घेतले.
"हे पण झिजलेत की."
"चारी सारखेच झिजलेत," मुलाणी म्हणाले,
"सारखं झिजलेलं चालतंय,"
आणि नट आवळत गेले, तिरपे, समोरासमोरचे,
शेवटच्याला पान्यावर पाय देऊन.
पैसे विचारले तर हातानंच, जा, जा.

यवतेश्वरच्या वळणाला मी काच खाली केली.
काहीच घासत नव्हतं. नुसता वारा,
आणि डिकीत एकमेकांवर आपटणारे अलॉय.

रेडकू अडीचला आलं. उभं राहायला
पहाट झाली त्याला. तीन पाय टेकायचे,
चौथा कुठं ठेवायचा ते सुचेना,
पडायचं, परत उठायचं.
शेलारवहिनी बॅटरी धरून हसत होत्या.

साडेनऊला दुकानात आले, शर्टाला वास तसाच.
फरशी झाडलेली होती,
पण दोन रेघांच्या कडेकडेनं.
"तेवढी जागा सोड म्हटलंय त्याला," मुलाणी म्हणाले,
"आज अजून एक येणारे, दोन नवे दोन जुने म्हणणारा."

मी गोणपाटावर बसले.
एसटी लेट होती.