सातव्या कड्यावरचे पाय

आठ माद्या आणि एक पिल्लू.
एवढ्यावर नाव ठरत नाही.

क्वमहेलिगच्या कोळसाखाणीचा ढिगारा, उत्तरेची बाजू.
बर्चची कुजकी पानं, पानांखाली काळी भुकटी,
हातात चाळण, खाली पांढरा ट्रे.
वेल्समधल्या नोव्हेंबरचे साडेतीन म्हणजे दिवेलागण.
हातमोजे काढून चिमटा धरला
तर बोटं दुसऱ्याच कुणाची.

लांबी जेमतेम तांदळाच्या दोन दाण्यांची.
तीस कडी, दर कड्यावर सहा ताठ केस,
डोळ्यांच्या जागी खसखशीचे दोन काळे त्रिकोण.
आमच्या सावर्ड्याला याच्या थोरल्या भावंडांना वाणी म्हणत,
आणि माझ्या मावशीकडे, घाटावर, पैसा,
काडी लावली की वळून नाणं व्हायचा म्हणून.
हा नीट वळत नाही.
अर्धा वळतो, मग विचार बदलतो
आणि पानाखाली चालू लागतो.

पुस्तकात तो डोंगरातला आहे.
फ्रान्स आणि स्पेनच्या मधली रांग,
बाराशे ते अठराशे मीटर,
दगडांखाली, बर्फाच्या कडेकडेनं.
दीडशे वर्षांत नावं तीन.
पहिलं एका धर्मगुरूचं, चार ओळी, चित्र नाही.
दुसऱ्यात चित्र आहे, पण मादीचं,
आणि मादीवरून यांची जात ठरत नाही.
नराच्या सातव्या कड्यावरचे पाय चालायचे सोडून
आकडे होतात, पिसं होतात,
खरी सही तिथे असते.
तिसऱ्यानं नवं नाव दिलं, वीस वर्षांनी
धर्मगुरूच्या बाटलीतला नर उघडून पाहिला,
आणि स्वतःचंच नाव मोडीत काढलं.
अशा माणसाला एकदा चहा पाजायला हवा होता.

नकाशावर त्या रांगेत अकरा ठिपके.
मग समुद्र.
समुद्राच्या अलीकडे कोरा कागद.

तीस वर्षं मी इस्पितळात काचपट्ट्या वाचल्या.
खात्री नसली की खाली लिहायचं:
पुन्हा नमुना पाठवावा.
इथेही तेच लिहिलं. पाठवणार कोण, माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत इडवल प्रोबर्ट दारात उभा,
वय एक्याऐंशी, हातात मुरंब्याची बरणी,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
बुजलेल्या बोगद्याच्या तोंडाशी
छताला टेकू दिलेला एक खांब पडलाय, सालीसकट,
त्या सालीखालचे हे.
फ्रेंच लाकूड, म्हणाला. बोटीनं यायचं.
आपलं इथलं लाकूड मोडताना गप्प मोडतं.
ते आधी बोलायचं, कुरकुरायचं,
तेवढ्यात माणूस बाहेर पळायचा.
आजोबा दोनदा पळाले.
तिसऱ्यांदाचं त्यानं सांगितलं नाही,
मी दूध घालू का विचारलं.

बरणीत चार. चौथा नर.

रात्री सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं सातवं कडं सोडवलं.
दोन वाकडे आकडे, मध्ये फाटलेलं पीस,
टोकाशी दात, डाव्या बाजूला एक जास्त.
चित्रावर चित्र बसलं.
मी दिवा मालवला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

नोंदणीच्या अर्जात एक रकाना असतो:
मूळचा, आणलेला, सांगता येत नाही.
माझं पेन तिथे नेहमी अडखळतं,
ते माझं मला ठाऊक आहे, त्यावर कविता नको.
इडवल चष्मा पुसत वाकला, रकाना वाचला.
अगं, मूळचा कसला?
हा डोंगरच मूळचा नाही.
आम्ही वर आणलाय तो, बादली बादली.

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची असते,
अल्कोहोलमध्ये शाई सुटते.
नाव, धर्मगुरूनं दिलेलं.
गाव, तारीख, खांबाची साल.
शोधणारा: इ. प्रोबर्ट.
उंची: तीनशे दहा मीटर.
त्यातले वरचे चाळीस माणसांनी घातलेले,
हे लिहायला चिठ्ठीत जागा नव्हती.
मागच्या बाजूला लिहिलं.