उसवायचे पैसे नाहीत

हॅलिफॅक्सच्या चढावर, लाँड्रीच्या पाठीमागे
माझं दुकान. एक मशीन, एक टेबल,
खिडकीत हाताने लिहिलेली पाटी.
पँटची उंची कमी करते, चेन बदलते,
आणि गेलेल्या माणसांच्या कपड्यांच्या उशा शिवते.

हे तिसरं काम आपोआप वाढलं.
बायका पिशवी टेबलावर ठेवतात
पण तिचे बंद हातातून सोडत नाहीत.
मी घाई करत नाही. केटल लावते.
बस ड्रायव्हरचे गणवेश बेतलेत मी,
एका पाद्र्याचे पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे.
कॉलरवर कात्री पहिल्यांदा चालवताना
अजूनही ओठ आवळले जातात.
मागे दोन तारखा भरते, मधे एक आडवी रेघ.
त्या रेघेला सगळ्यांना
सारखाच दोरा लागतो.

नोव्हेंबरात हेबलथ्वेट बाई आल्या.
(हे आडनाव मला अजून एका दमात येत नाही.)
पिशवीत रॉकेटं छापलेला लहानसा पायजमा,
शाळेचा टाय, गाठ तशीच,
निळा फुटबॉलचा शर्ट,
आणि एक चौकड्यांचा, पाठीवर इस्त्रीने भाजलेला.
"मुलगा," त्या म्हणाल्या. "डेल."
मी आवाज खाली आणला,
पाठ झालेलं वाक्य म्हटलं.
त्या हसल्या, नाकातून.
"मेला नाहीये गं. बोलत नाही फक्त.
अ‍ॅबर्डीनला असतो."

मग नुसतं नाव भरलं.

चौकड्यांच्या शर्टाचा खिसा मी अख्खा उतरवला.
आत बसचं तिकीट, धुऊन धुऊन
कापसासारखं झालेलं.
विचारायला हवं होतं. विचारलं नाही.
तिकीट तसंच ठेवलं, तांदळाचे चार दाणे टाकले
आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं.

तांदूळ मी सगळ्याच उशांत टाकते,
कुणाला सांगत नाही.
मिरजेत आमच्या शेजारी तानूबाई गोधड्या शिवायच्या.
म्हणायच्या, उपाशी गोधडी ऊब धरत नाही.
कुणाचं लुगडं, कुणाचं धोतर,
मेलेलं-जितं एकाच टिपेत.
चिंधीला त्या कधी विचारत नसत,
तुझा माणूस आहे की गेला.

मार्चमध्ये एक उंच मुलगा
दारातून वाकून आत आला. काखेत ती उशी.
"माझा शर्ट परत मिळेल का?"
मी कात्री बाजूला सरकवली, उगाच.
म्हटलं, बेतलेलं कापड, बाबा, मागे फिरत नाही.
तो चौकड्यांवरून अंगठा फिरवत राहिला.
भाजल्याची खूण मी नेमकी मधोमध घेतली होती.
"हे तिने केलं होतं," म्हणाला,
"माझी मुलाखत होती त्या दिवशी."
मग बऱ्याच वेळाने,
"निदान खिसा?"

सहा टाके.
उसवताना माझा हात
शिवतानापेक्षा हलका चालतो, का कोण जाणे.
तिकीट निघालं. त्याने उजेडात धरलं,
अक्षर उरलं नव्हतं. तरी हसला,
आईसारखाच, नाकातून.
तांदूळ टेबलावर सांडले.
"हे काय?"
मी सांगितलं. माझ्या इंग्रजीत
तानूबाई जरा विचित्रच वाटल्या.

एक दाणा मशीनखाली गेला होता.
तो गुडघ्यावर बसला, हात घालून शोधला,
वर आला तेव्हा बाहीला धाग्यांची जळमटं.
चारही दाणे मोजून खिशात टाकले.
तिकीटही.
"किती झाले?"
शिवायचे घेते, म्हटलं. उसवायचे नाही.
"मग परत शिवा," म्हणाला.

रस्त्यापलीकडे एक गाडी उभी होती, इंजिन चालू.
आत कुणीतरी बसलेलं.
हेबलथ्वेट बाई की दुसरं कुणी,
काच धुरकटलेली होती, दिसलं नाही.
त्यानेही त्या बाजूला पाहिलं नाही.
उशीचा कोपरा माझ्यासाठी धरून उभा राहिला.
सुईत दोरा जायला
मला त्या दिवशी तीनदा लागलं.